वाचकांचे प्रश्न : साधनग्रंथ वाचायचा कसा?

प्रश्न : पंचेचाळिशी उलटल्यावर ऐतिहासिक कादंबऱ्या सोडून खऱ्या इतिहासाचा नाद लागला आहे. करवीर (कोल्हापूर) राज्यावर मिळेल ते वाचतो. पण जुन्या पत्रांचे खंड, म्हणजे साधनग्रंथ, उघडले की चार पानांत अडकतो. शिवाय तारखा जुळत नाहीत. काय करावे?
– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : पत्रांचा खंड पहिल्या पानापासून सलग वाचू नका. तो तसा वाचण्यासाठी छापलेलाच नसतो. ‘करवीर राज्य’ हा पसाराही मोठा आहे; त्यातले एकच प्रकरण धरा. सातारा आणि कोल्हापूर या दोन मराठी राज्यांमधला वारणेचा तह (१७३१) घ्या. आधी एखाद्या इतिहासग्रंथातले त्यावरचे प्रकरण वाचा, तळटिपांतले खंड आणि लेखांक (खंडातल्या कागदाचा क्रमांक) वहीत उतरवा आणि तेवढेच कागद काढून वाचा. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचे आहे, शिवाजी विद्यापीठाचे ग्रंथालयही जवळ आहे; दोन्हीकडे आधी सूची चाळा.

तहातली कलमे सावकाश वाचा. वारणा नदी ही हद्द ठरली, एवढे सगळ्यांना ठाऊक असते. पण एकाचे चाकर दुसऱ्याने ठेवू नयेत, असेही त्यात ठरले. हे लिहून का घ्यावे लागले? सरदार सातारा आणि कोल्हापूर यांच्यात बाजू बदलत होते म्हणून. कलमावरून असा प्रश्न सुचला की पुढचा कागद आपोआप शोधावासा वाटतो, आणि वाचन टिकते ते त्यामुळेच.

आता तारखा. पत्रात ‘इहिदे सलासीन मया व अलफ’ असे आले तर तो शुहूर सन, म्हणजे मराठी कागदांत अरबी अंकशब्दांनी लिहिलेली कालगणना : एक, तीस, शंभर, हजार, म्हणजे ११३१. हे वर्ष मे महिन्याच्या अखेरीस, मृगाला सुरू होते. म्हणून तेव्हापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून मेपर्यंत ६००. तह एप्रिलातला, म्हणून ११३१ अधिक ६००, म्हणजे १७३१. सरसकट ५९९ मिळवले की १७३० येते. तुमचा घोळ बहुधा इथेच होत असावा. शकात डिसेंबरपर्यंत ७८, पुढे फाल्गुन संपेपर्यंत ७९ मिळवा. ‘छ’ नंतरचा आकडा हिजरी महिन्यातल्या चंद्राचा, म्हणजे तारखेचा. त्यासाठी मात्र जंत्रीच (वेगवेगळ्या गणनांच्या तारखा जुळवून देणारे कोष्टक) हवी. इंग्रजांनी १७५२ पर्यंत जुनी दिनगणना चालवली, त्यामुळे सतराव्या शतकातल्या त्यांच्या तारखा नव्या गणनेहून दहा दिवस मागे दिसतात.

वहीत प्रत्येक नोंदीला चार गोष्टी लिहा : कोणी लिहिले, कोणाला, कधी आणि घटनेनंतर किती काळाने. बखर आणि पत्र यांत विरोध आला तर आधी हा चौथा रकाना पाहा. पत्र त्याच वेळचे असले तरी लिहिणाऱ्याचा स्वार्थ त्यात असतोच, तेव्हा शक्य तिथे समोरच्या पक्षाचाही कागद वाचा. मोडी लगेच शिकायची गरज नाही. छापील खंड बहुतेक बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत आहेत.