मधले अठरा महिने

तुझा मेसेज रात्री एक चाळीसला आलाय, म्हणजे झोपेचे बारा वाजलेत हे कळलंच. "ताई डिसाइड केलंय, कॉलेज सोडतोय, स्टीव्हनेही सोडलं होतं" आणि खाली त्या स्टीव्हवर तीन पानं आणि त्याच्या भाषणाची लिंक. सकाळी चहा गॅसवर ठेवून वाचत बसले आणि चहा उतू गेला, तो तुझ्या खात्यावर.

फोन केला असता पण फोनवर तू नुसतं हो ताई, बरोबर ताई करतोस आणि नंतर मनातलंच करतोस, म्हणून लिहून पाठवतेय. लांबेल. बसमध्ये वाच.

आधी हे सांग, ते भाषण तू पूर्ण कधी बघितलंयस का? पूर्ण म्हणजे चाळीस सेकंदांची रील नाही, मागे व्हायोलिन लावलेली. मी आज परत सगळं बघितलं. १२ जून २००५, स्टॅनफर्डचा पदवीदान समारंभ, ॲपल काढणारा तुझा स्टीव्ह जॉब्स गाऊन घालून उभा, हातातल्या कागदावरून चक्क वाचतोय, साधारण पंधरा मिनिटं. आपण समजतो की असली माणसं उत्स्फूर्त बोलतात, हा बाबा वाचून दाखवतोय, मला ते बघून बरंच वाटलं.

तर त्यात तो काय म्हणतो बघ. पोर्टलंडच्या रीड कॉलेजला गेला, फी अवाढव्य, याला दत्तक घेणारे आईवडील साधे नोकरदार आणि त्यांची आयुष्यभराची बचत त्या फीमध्ये चाललेली, आणि याला तर आयुष्यात काय करायचंय हेच माहीत नाही, म्हणून सहा महिन्यांत नाव काढलं. इथपर्यंतच तुला पाठ आहे. पण पुढचंच वाक्य असं की त्यानंतर तो अजून अठरा महिने तिथेच होता! मित्रांच्या खोलीत जमिनीवर झोपायचा, कोकच्या रिकाम्या बाटल्या परत देऊन पाच-पाच सेंट जमवायचा, त्यातून खायचं, आणि दर रविवारी रात्री सात मैल चालत हरे कृष्ण मंदिरात जायचा कारण आठवड्यातून एकदा पोटभर जेवण तिथे. आणि या अठरा महिन्यांत ज्या वर्गात बसावंसं वाटलं त्या वर्गात जाऊन बसायचा. हजेरी नाही, मार्क नाहीत, डिग्री तर नाहीच. त्याने कॉलेज सोडलं नाही रे, कॉलेजची फी सोडली. हे अठरा महिने कुणीच स्टेटसला ठेवत नाही.

त्यातला एक वर्ग होता सुलेखनाचा. शिकवणारे रॉबर्ट पॅलडिनो, आधी ट्रॅपिस्ट म्हणजे ख्रिस्ती मठात संन्यासी होते. कॉलेजभर जी पोस्टर लागायची ती सुंदर हाताने लिहिलेली असायची, ती बघून हा आत शिरला. दोन अक्षरांच्या मधे जागा किती सोडायची, ती प्रत्येक जोडीला वेगळी का, असल्या गोष्टी. याचा आयुष्यात काडीचाही उपयोग नाही हे त्याला तेव्हा पक्कं माहीत होतं, असं तो स्वतःच म्हणतो. दहा वर्षांनी मॅकिंटॉश, म्हणजे ॲपलचा मॅक कॉम्प्युटर, बनवताना ते सगळं वर आलं. (तिथे त्याने थोडी फेकलीय, म्हणतो मी त्या वर्गात गेलो नसतो तर कदाचित कुठल्याच कॉम्प्युटरवर चांगली अक्षरं आली नसती. झेरॉक्सच्या लॅबमध्ये ते काम आधीच झालेलं, १९७९ साली हा स्वतः तिथे जाऊन बघून आलेला. असो, भाषणात एवढं चालतं.) पण अक्षरांचं वेड खरंच होतं. मॅकचे पहिले फॉन्ट सुझन केअरने काढले, टीमने त्यांना फिलाडेल्फियाच्या लोकलच्या स्टेशनांची नावं दिलेली, तर हा म्हणाला नावं ठेवायचीच तर जगातल्या मोठ्या शहरांची ठेवा, म्हणून शिकागो, जिनिव्हा वगैरे. किती बारीक गोष्टीत नाक खुपसायचा बघ.

आता हे मी तुला का सांगतेय, तर माझं पोट त्या अक्षरांवर भरलंय. १९८५ साली मॅक, लेझर प्रिंटर आणि पानं जुळवायचं पेजमेकर सॉफ्टवेअर एकत्र आले आणि त्यातून डीटीपी, म्हणजे छपाईची पानं कॉम्प्युटरवर जुळवायचा, धंदा जन्माला आला, तो नऊ वर्षांनी पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या मागच्या एका बोळात माझ्यापर्यंत पोचला. पगार ११०० रुपये, काम लग्नपत्रिका, हॅंडबिलं, सत्यनारायणाची निमंत्रणं. श्रीलिपी या मराठी सॉफ्टवेअरवर टायपिंग. तेव्हा रफार हे वेगळं बटण असायचं, चुकून एक अक्षर पुढे पडला की संपलं. माझा पडला. चि. सौ. कां. ऊर्मिलाची झाली ऊमिर्ला, तीनशे पत्रिका छापून झाल्यावर मुलीच्या मामाच्या लक्षात आलं. मालकाने पैसे पगारातून कापले, मी जिन्यात बसून रडले.

तिथे एक कंपोझिटर काका होते. चाळीस वर्षं छापखान्यातले अक्षरांचे खिळे जुळवलेले. कॉम्प्युटर आला तशा त्यांच्या खिळ्यांच्या केसेस माळ्यावर गेल्या आणि त्यांना प्रुफं तपासायला बसवलं, अर्ध्या पगारावर. ते जिन्यात आले, काही समजावलं वगैरे नाही, हातात एक खिळा दिला आणि म्हणाले वाच. खिळ्यावर अक्षर उलटं असतं ना, मला येईना. ते अख्ख्या ओळी तशा उलट्या वाचायचे, आपण पेपर वाचतो तशा. त्या दिवसापासून काम सुटल्यावर रोज अर्धा तास मी त्यांच्याकडे बसायला लागले, रफार कुठे टेकतो, ऱ्हस्व वेलांटीची कमान कुठवर यायला पाहिजे, शिरोरेषा जोडल्यावर मधे केसाएवढी फट दिसली तरी ती वाचणाऱ्याला का टोचते. कशासाठी शिकतेय हे मला सांगता आलं नसतं. घरी म्हणायचे टॅली शिक, टॅलीला मागणी आहे. टॅलीला खरंच मागणी होती.

२०११ साली एका छोट्या कंपनीत मला टेस्टिंगला घेतलं ते एवढ्याचसाठी की त्यांच्या ॲपमध्ये मराठी मजकुरातला रफार उडी मारायचा आणि पाच इंजिनिअर स्क्रीनकडे बघत होते पण त्यांना चूक दिसतच नव्हती, कोड बरोबर आहे म्हणायचे. मला दारातून दिसली. तिथून मी कोड शिकले, चाळिशीला आलेली बाई, शेजारची पोरं हसायची. पुढचं तुला माहितीये.

ठिपके पुढे बघून जोडता येत नाहीत, मागे वळूनच जोडता येतात, हे त्याचं वाक्य तुझं फेवरेट ना. आपल्याकडे बरोबर उलटं असतं बघ. माझी आई अंगणात १५ ते ८ ची रांगोळी काढायची, ठिपके मांडायच्या आधीच कमळ होणार की कासव हे ठरलेलं, वही समोर. आपल्याला मार्गदर्शन करणारे सगळे, दहावीनंतर काय, बारावीनंतर काय, ते याच रांगोळीवाल्या हिशेबाने बोलतात. आणि तूही तेच करतोयस, फक्त वही स्टीव्हची घेतलीस. पहिला ठिपका कॉलेज सोडणं, दुसरा गॅरेज, तिसरा कंपनी.

आणि अजून एक, जे भाषणात नाही. काकांचे ठिपके जुळले का? नाही जुळले. अर्धा पगार शेवटपर्यंत अर्धाच राहिला. जुळले ते माझे, त्यांच्या ठिपक्यांवरून. पॅलडिनोंचंही तेच म्हणायला पाहिजे. आपले र. कृ. जोशी घे, मुळात सुलेखनकार, जाहिरातीत काम केलेलं, मुंबईच्या आयआयटीत शिकवायचे, आणि विंडोजमधला मंगल फॉन्ट त्यांचा, ज्याला आपण सगळे उठताबसता शिव्या घालतो पण ज्यात अर्ध्या देशाचे सरकारी अर्ज टाइप होतात. मी तर म्हणते मंगलला शिव्या घालणाऱ्याने एकदा शंभर जोडाक्षरं स्वतः काढून बघावीत.

बरं, आता स्टीव्हला ॲपलमधून हाकलण्याचं बघू. तिसाव्या वर्षी स्वतःच्या कंपनीतून बाहेर. भाषणात म्हणतो की तीच सगळ्यात चांगली गोष्ट झाली, पण हे तो वीस वर्षांनी म्हणतोय, पिक्सार ही ॲनिमेशनची कंपनी उभी राहिल्यावर, परत ॲपलमध्ये येऊन बसल्यावर. त्या वर्षी विचारलं असतं तर असं म्हणाला नसता, तसं तो बोललाय पण, काही महिने काय करावं सुचत नव्हतं, गाव सोडून पळून जावंसं वाटलं. मग नेक्स्ट नावाची नवी कंपनी काढली. १९८८ ला त्यांचा कॉम्प्युटर आला, ६,५०० डॉलरचा, कोण घेणार? धंदा म्हणून आपटलाच. पण वेब शोधणारा टिम बर्नर्स-ली सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत त्याच मशीनवर बसला आणि १९९० ला पहिला वेब ब्राउझर लिहिला. १९९६ च्या डिसेंबरात ॲपलने नेक्स्टच विकत घ्यायचं ठरवलं आणि त्यांचं सॉफ्टवेअर मॅकच्या पोटात गेलं, तिथून आयफोनच्या. मी रोज कोड लिहिते त्यात कितीतरी नावांच्या पुढे एनएस लागतं, एनएस-स्ट्रिंग, एनएस-ॲरे. सुरुवातीला वाटायचं काहीतरी टेक्निकल असेल. ते नेक्स्टस्टेप आहे, नेक्स्टचं ते सॉफ्टवेअर. आपटलेल्या कंपनीचं नाव, अजून रोज टाइप करतोय आम्ही! ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मी जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या पोरांना पकडून पकडून सांगितलं, त्यांना काही विशेष वाटलं नाही.

आता भाषणातला तो आरसा. रोज सकाळी आरशात बघून विचारायचं, आज शेवटचा दिवस असता तर आज जे करणार आहे ते केलं असतं का. तू लिहिलंयस की गेल्या सोमवारी विचारलं आणि उत्तर 'नाही' आलं. अरे सोमवारी कुणाचं 'हो' येतं? आणि तुझा तर एम थ्रीचा, त्या गणिताच्या पेपरचा, रिझल्ट लागलेला. त्याचं वाक्य नीट ऐक, तो म्हणतो की सलग खूप दिवस उत्तर 'नाही' येत राहिलं तर मला कळतं की काहीतरी बदलायला हवं. सलग खूप दिवस. काहीतरी. सगळं नाही. तेहतीस वर्षं हा प्रश्न विचारत आलेला माणूस आहे तो, त्याने काय दर 'नाही'ला राजीनामा दिला नसेल.

आतला आवाज ऐका हेही मला जरा जपूनच घ्यावंसं वाटतं. २००३ च्या ऑक्टोबरात त्याला स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, त्यातला बरा होण्यासारखा प्रकार, डॉक्टर म्हणाले ऑपरेशन करा, आणि हा नऊ महिने पथ्यपाणी आणि काय काय उपाय करत बसला. आतलाच आवाज होता तो. नंतर त्याला त्याचा पश्चात्ताप झाला असं त्याच्या चरित्रकाराने सांगितलंय. ५ ऑक्टोबर २०११ ला गेला, छप्पन वय. आधी केलं असतं तर वाचला असता का, ते आपण नाही बोलायचं, पण भाषणात नऊ महिन्यांचा उल्लेख नाही एवढं लक्षात ठेव. तसंच पहिल्या मुलीचं बापपण सुरुवातीला नाकारत होता, तेही नाही. माणसाचे शब्द घ्यावेत, माणूस अख्खा घरी आणू नये, मी तरी असंच करते.

आणि तुझ्या डीपीवर जे लिहिलंय, स्टे हंग्री स्टे फुलिश (भुकेले राहा, वेडे राहा), खाली स्टीव्हचं नाव, ते त्याचं वाक्य नाहीये. स्टुअर्ट ब्रँडचं होल अर्थ कॅटलॉग नावाचं अमेरिकेतलं प्रकाशन होतं, त्याच्या शेवटच्या अंकाच्या मागच्या कव्हरवर पहाटेच्या रस्त्याचा फोटो होता आणि त्याखाली ते छापलेलं. स्टीव्हने स्वतः भाषणात सांगितलंय. प्रुफं तपासलेली बाई आहे मी, चुकीचं नाव दिसलं की मला राहवत नाही, बदल ते.

तुझं काय करायचं. कॉलेज सोडून मंगळवारी सकाळी दहाला काय करणार, असं मी विचारलं तेव्हा तू काहीतरी स्वतःचं म्हणालास. ते काहीतरी अजून नाहीये, आणि त्याची लाज नाही, त्यालाही नव्हतं माहीत. पण तू गेली दोन वर्षं दर रविवारी जुन्या बाजारात जाऊन बंद पडलेले रेडिओ उचलून आणतोस आणि रात्री दोन-दोनपर्यंत सोल्डरिंग करतोस, हे सगळं मला तुझ्या आईच्या तक्रारीतून कळलं, तुझ्या मेसेजमधून नाही. तू स्टीव्हबद्दल तीन पानं लिहिलीस आणि रेडिओबद्दल एक शब्द नाही. का रे? उपयोगाचं नाही म्हणून?

फी तुझ्या बाबांच्या पीएफमधून चाललीय हे मला माहितीये आणि ते तुला खातंय हेही. तो खरा मुद्दा आहे, त्यावर वेगळं बोलू, बाबांसमोर, मी येते. पण दीड वर्ष उरलंय, त्यातला एम थ्री काढ, ज्या लॅबची हजेरी लागत नाही तिथे जाऊन बस, इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्या वर्गात मागच्या बाकावर बस, कुणी हाकललं तर मला सांग. बॅकलॉगचा फॉर्म कधीपर्यंत आहे ते बघ आधी, लेट फी लागली तर माझ्याकडे मागू नकोस.

रविवारी बाजारातून थेट माझ्याकडे ये. आमचा मर्फी रेडिओ माळ्यावर पडलाय, बाबांचा, बावीस वर्षं बोललेला नाही, बघ काय होतंय का. आणि काकांनी दिलेला तो खिळा माझ्या टेबलावर आहे, कुठलं अक्षर ते न सांगता हातात देणार आहे तुझ्या.

ताई