कोटेशन बाजूला ठेवा, आधी हेडफोन घ्या

पत्र : मुलगा अकरावी सायन्सला आहे. लहानपणी चार वर्षं हार्मोनियम शिकला. आता फोनवर बीट बनवतो आणि ‘इलेक्ट्रॉनिक म्युझिकच करणार’ म्हणतो. दुकानदाराने नवा लॅपटॉप, मोठा कीबोर्ड, स्टुडिओ स्पीकरची जोडी आणि कंडेन्सर माइक असं दोन लाखांचं कोटेशन दिलंय. पाच हजार आगाऊ देऊन बसलोय. घरात ताईचा १६ जीबी रॅमचा विंडोज लॅपटॉप आहे. एवढा खर्च करावा का? आणि पुढे शिक्षणाचं काय? – एक पालक, लातूर

उत्तर : नमस्कार. खर्चाचा आणि करिअरचा प्रश्न तुम्ही एकत्र बांधलाय, ती गाठ आधी सोडवू. दोन लाख घातले म्हणजे मुलाची वाट ठरली असं होत नाही, आणि नाही घातले म्हणून ती अडतही नाही. त्याला एवढंच विचारा : फोनवर केलेल्यांपैकी सुरुवातीपासून शेवटापर्यंत पूर्ण झालेलं काय आहे? चार-आठ बारचे (आवर्तनांचे) लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारे छोटे तुकडे, सगळेच बनवतात. त्यातून तीन मिनिटांची रचना उभी करताना खरी परीक्षा होते, आणि ती ताईच्या लॅपटॉपवरही देता येते.

सॉफ्टवेअरला आज पैसे नकोत. रीपर हे संगीत रचण्याचं आणि रेकॉर्ड करण्याचं सॉफ्टवेअर ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं. पुढे वैयक्तिक परवाना ६० डॉलरचा. बीटवाल्या मुलांचा ओढा एफएल स्टुडिओकडे असतो. त्याच्या मोफत आवृत्तीत काम सेव्ह होतं, पण विकत घेईपर्यंत ते पुन्हा उघडत नाही, हे त्याला आधीच सांगा. नंतर घेतलंत तर अपडेट मात्र कायम फुकट. व्हायटल आणि सर्ज एक्सटी हे सिंथ (लॅपटॉपमध्येच सूर तयार करणारी वाद्यं) मोफत आहेत आणि वर्षभर पुरून उरतील. मित्राने पेनड्राइव्हवर दिलेलं क्रॅक सॉफ्टवेअर घालू देऊ नका. त्यातून व्हायरस येतो, आणि लॅपटॉप ताईचा आहे.

पहिली खरेदी वायरवाल्या, बंद कपांच्या हेडफोनची. ब्लूटूथ नको, त्यात आवाज उशिरा पोहोचतो. स्पीकर आत्ता का नकोत, तर ५० हर्ट्झच्या खर्जाची लहर जवळपास सात मीटर लांब असते. दहा बाय बाराच्या खोलीत तो खर्ज एका कोपऱ्यात घुमतो आणि खुर्चीपाशी गायब होतो. मुलगा तो वाढवत बसेल आणि गाणं बाहेर कुठेही वाजवलं की नुसतं धमधमेल.

दुसरी खरेदी मिडी कीबोर्डची. त्याला स्वतःचा आवाज नसतो, आवाज लॅपटॉपमधून येतो. बहुतेकांना मी २५ छोट्या पट्ट्यांचा सुचवतो. पण हार्मोनियमवर बसलेल्या बोटांना तो अडचणीचा होईल, म्हणून ४९ पूर्ण आकाराच्या पट्ट्यांचा घ्या. पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा आला तर एएसआयओ४ऑल हा मोफत ड्रायव्हर घालून बघा.

कंडेन्सर माइक यूएसबीचा नसेल तर त्याला ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो आणि तो ऑडिओ इंटरफेसमधून, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या पेटीतून मिळतो. तुमच्या यादीत इंटरफेसच नाही! म्हणजे असा माइक दोन लाख देऊनही मुका. गाणं किंवा हार्मोनियम रेकॉर्ड करायची वेळ आली की दोन्ही एकदम घ्या.

थोड्या साधनांत काय होतं ते मुलाला ऐकू द्या. वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये मुंबईत रोलँड कंपनीच्या तीन इलेक्ट्रॉनिक यंत्रांवर राग वाजवून रेकॉर्ड केले, आणि आज जगभरचे डीजे ती रेकॉर्ड शोधत फिरतात.

आता शिक्षण. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये ध्वनिमुद्रण आणि ध्वनिरचनेचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम पदवीनंतरचा आहे, आणि त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र लागत आलंय. सायन्स सोडण्याची भाषा करत असेल तर हे दाखवा. जाहिराती, मालिका, गेम, नाटकाचं पार्श्वसंगीत यांत काम आहे, पण पहिली काही वर्षं कमाई अनियमित असते. म्हणून पदवी हवीच, असं माझं मत.

आणि ते पाच हजार? दुकानदार परत द्यायला कुरकुरला तर हेडफोनच्या बिलात वळते करून घ्या.