ओटागो सेंट्रल रेल ट्रेल : सायकलची सवय नसताना पन्नाशीत जमेल का?

जमेल, बिनधास्त ठरवा. तुम्ही लिहिलंय की दोघंही पन्नाशी ओलांडलेले, रोज चालायला जाता पण सायकल कॉलेजनंतर फारशी हातात आली नाही, डिसेंबरअखेर न्यूझीलंडला जाताय आणि तिथल्या या सायकलच्या वाटेचा १५२ किलोमीटर हा आकडा बघून मिसेस नको म्हणतायत. त्यांना एवढंच सांगा की हा घाटरस्ता नाही, ही बंद पडलेली जुनी रेल्वेलाइन आहे, रूळ काढून तिच्यावर सायकलची वाट केलीय. वाफेच्या इंजिनाला जो चढ झेपत नव्हता तो लाइन बांधणाऱ्यांनी कुठे डोंगर कापून, कुठे भराव टाकून, कुठे बोगदा खणून आधीच काढून टाकलाय. सगळ्यात तीव्र चढ म्हणजे पन्नास मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर, बस. चाट्टो क्रीक आणि ओमाकाऊ या गावांच्या मधे टायगर हिल म्हणून जो भाग आहे तिथे हा चढ लागतो, नाव ऐकून घाबरायला होतं पण लाइन मोठा वळसा घेत घेत वर जाते आणि तुम्ही खालच्या गिअरवर गप्पा मारत चढू शकता. हे मी स्वतः करून सांगतोय.

दमवतो तो वारा. सेंट्रल ओटागो म्हणजे झाडं नसलेला, मोकळा, कोरडा मुलूख, आणि दुपारनंतर समोरून वारा सुटला की सपाट रस्त्यावरसुद्धा पहिल्या-दुसऱ्या गिअरवर यावं लागतं, अशा वेळी पाच किलोमीटर पंधरासारखे वाटतात. म्हणून माझा एकच आग्रह आहे, सकाळी लवकर निघा आणि दिवसाचं अंतर कमी ठेवा. दोन-तीन दिवसात उरकणारे लोक भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. तुम्हाला चार दिवस हवेत, पाच काढता आले तर फारच छान, कारण वाटेत थांबण्यासारखं इतकं आहे की फक्त पेडल मारत पुढे जाण्यात काही मजा नाही.

दिशा कोणती हा तुमचा दुसरा प्रश्न. क्लाइडहून सुरू करा आणि मिडलमार्चला संपवा. दोन्ही टोकांपेक्षा मधला भाग उंच आहे, सर्वात उंच जागा वेडरबर्नजवळ ६१८ मीटरवर, म्हणजे कुठूनही निघालात तरी अर्धा ट्रेल चढ आणि अर्धा उतार. पण क्लाइडकडून निघालं की ताज्या पायांनी चढ होतो, बोगदे आणि मोठे पूल दुसऱ्याच दिवशी येतात, आणि शेवटचे दोन दिवस एकूण उताराचे मिळतात. क्वीन्सटाउनच्या विमानतळाहून क्लाइड गाडीने साधारण सव्वा तास, आणि मिडलमार्चहून डनीडिनही जवळपास तेवढंच.

मी तुमच्या जागी असतो तर पहिला दिवस क्लाइड ते ओमाकाऊ, ३७ किलोमीटरच्या आसपास, मधे अलेक्झांड्रा आणि चाट्टो क्रीक. मुक्काम ओमाकाऊला न करता दोन किलोमीटर आत ओफिरला करा. सोनं शोधायला आलेल्या लोकांचं जुनं गाव, एकच मुख्य रस्ता, त्यावर १८८६ चं दगडी पोस्ट ऑफिस आणि गावाबाहेर १८८० चा झुलता पूल. याच ओफिरला १९९५ च्या जुलैमध्ये उणे २१.६ अंश तापमान नोंदलं गेलंय, आणि तुम्ही जाताय त्या दिवसांत तिथेच दुपारी तीस-पस्तीस अंश होऊ शकतं.

दुसरा दिवस ओमाकाऊ ते वेडरबर्न, चाळीसेक किलोमीटर, हा संपूर्ण ट्रेलचा सगळ्यात भारी दिवस. लॉडर सोडलं की लाइन पूलबर्नच्या घळीत शिरते, तिथे दोन बोगदे आहेत आणि ३७ मीटर उंचीचा पूल. बोगद्यात दिवे नाहीत, टॉर्च जवळ हवाच. आम्ही सायकलवरून उतरून हातात धरून चालत गेलो, आत शिरल्याबरोबर बाहेरचं ऊन एकदम तुटलं, अंगावर गार हवा आली, टायरखाली खडी कुरकुरत होती तिचा आवाज दोन्ही भिंतींवरून परत येत होता आणि मधोमध पोचल्यावर टॉर्च बंद केली तर स्वतःचा हात दिसेना. हे सगळं माणसांनी कुदळी, फावडी आणि सुरुंग वापरून केलंय हे तिथे उभं राहिल्यावर पटतं. बायको पुढे निघाली होती, मी भिंतीला हात लावून उगाचच उभा राहिलो थोडा वेळ.

तिथून ओतुरेहुआपर्यंत दुकान नाही, लॉडरलाच पाण्याच्या बाटल्या भरून घ्या. ओतुरेहुआला गिलख्रिस्ट यांचं दुकान १९०२ पासून चालू आहे, लाकडी फळ्यांवर जुने डबे तसेच मांडलेले आहेत आणि दूध-ब्रेडही तिथेच मिळतं. त्याच्या अलीकडेच हेज इंजिनिअरिंगचं वर्कशॉप लागतं, ते चुकवू नका, आधी उघडण्याच्या वेळा बघून घ्या. अर्नेस्ट हेज यांनी १८९५ पासून इथे शेतीची अवजारं बनवली, कुंपणाची तार ताणायचं त्यांचं यंत्र जगभर गेलं, पण मला जास्त कौतुक वाटलं त्यांच्या बायकोचं. हॅना हेज त्या काळच्या लांब स्कर्टमधे सायकलवर टांग मारून दूरदूरच्या मेंढीफार्मवर जायच्या आणि ऑर्डरी घेऊन यायच्या, तेव्हा असा रेल ट्रेल नव्हता, खडबडीत गाडीवाटा होत्या. मिसेसना हे नक्की सांगा!

तिसऱ्या दिवशी वेडरबर्नहून रॅनफर्ली करत वाइपियाटा किंवा हाइडपर्यंत. वाइपियाटा फक्त २१ किलोमीटर, हाइड ४७ च्या आसपास, त्या दिवशीचा वारा आणि पाय बघून ठरवायचं म्हणाल तर तसं होत नाही, डिसेंबर-जानेवारीत खोल्या आधीच भरतात, त्यामुळे बुकिंग करतानाच ठरवा. तुमच्यासाठी मी हाइड म्हणेन, कारण मग चौथ्या दिवशी मिडलमार्चपर्यंत फक्त २७ किलोमीटर उरतात. मात्र त्या शेवटच्या २७ मधे काहीही मिळत नाही, पाणी आणि खायचं हाइडहूनच घ्या. हाइड सोडल्यावर थोड्या अंतरावर एक स्मारक आहे. ४ जून १९४३ ला क्रॉमवेलहून डनीडिनला निघालेली गाडी या भागात वळणावर जास्त वेगात येऊन रुळांवरून घसरली, २१ माणसं गेली. थांबा तिथे.

ही लाइन डनीडिनजवळच्या विंगाटुईहून १८७९ मध्ये बांधायला घेतली आणि क्लाइडला पोचायला १९०७ उजाडलं. लोकर, मेंढ्या, फळं, माणसं सगळं हिच्यावरून जायचं. रस्ते सुधारले, ट्रक आले, शेवटी क्लाइडच्या धरणाचं सामान वाहून झालं आणि १९९० मध्ये क्लाइड ते मिडलमार्चची लाइन बंद पडली. रूळ उखडले गेले. १९९३ मध्ये तिथल्या निसर्गसंवर्धन खात्याने ही जमीन ताब्यात घेतली, स्थानिक लोकांनी ट्रस्ट काढून पैसे उभे केले, पुलांवर फळ्या आणि कठडे बसवले, आणि २००० मध्ये पूर्ण ट्रेल खुला झाला. तेव्हा गावातल्या बऱ्याच जणांना वाटत होतं की इथे सायकल चालवायला कोण येणार. आज त्याच गावांतले पब, कॅफे, राहायच्या जागा मोठ्या प्रमाणात सायकलवाल्यांवर चालतात. ट्रेलला तिकीट नाही, म्हणून मला मनापासून वाटतं की जेवण, चहा, मुक्काम जे काही असेल ते त्या छोट्या गावांतच करावं, सगळं सुपरमार्केटमधून भरून नेऊ नये.

आता सामानाचं. पाठीवर काही घेऊ नका, तिथे बॅगा एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामाला पोचवणाऱ्या सर्व्हिसेस आहेत, सायकलही त्यांच्याकडेच भाड्याने मिळते आणि शेवटी गाडीने परत सोडतात. सायकलवर फक्त पाणी, खाऊ, जर्किन, सनस्क्रीन, टॉर्च. रस्ता खडीचा आहे त्यामुळे जाड टायरची सायकल मागा, रोडबाइक नको. हेल्मेट तिथे कायद्यानेच सक्तीचं आहे. मिसेसना धास्ती असेल तर त्यांच्यासाठी ई-बाइक घ्या, त्यात कमीपणा काही नाही, वाऱ्यात ती दोघांचाही मूड राखते. आणि पॅड असलेल्या शॉर्ट्स दोन-दोन घ्याच, पायांपेक्षा बूड आधी बोलायला लागतं, तेही दुसऱ्या दिवशी सकाळी. जायच्या आधी दोन महिने आठवड्यातून तीनदा तासभर सायकल चालवलीत तर हा त्रासही बराच कमी होईल, चालायची सवय असली तरी सीटची सवय वेगळीच लागते.

शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच कळवून ठेवा, गावं लहान आहेत, किचन रात्री लवकर बंद होतं आणि ऐनवेळी चिप्सशिवाय काही हाती लागत नाही.

तारखा ठरल्या की आधी खोल्या बघा, सायकली नंतर. ओफिर आणि हाइडला राहायच्या जागा मोजक्याच आहेत, आणि या दोन मिळाल्या नाहीत तर मी वर दिलेला सगळा प्लॅन बदलावा लागेल, मग लॉडर आणि वाइपियाटा धरून पाच दिवस करा.