'नेपथ्य' म्हणजे कपडे की सेट?

प्रश्न असा: जुन्या विनोदी चित्रपटांवर लिहिताना 'कॉस्च्युम आणि सेट डिझाइन'ला 'वेशभूषा आणि नेपथ्य' म्हणावे का? संस्कृतात 'नेपथ्य' म्हणजे पोशाख, मग ही द्विरुक्ती होत नाही का?

नाही होत. भरताच्या नाट्यशास्त्रात नेपथ्य चार प्रकारचे आहे: पुस्त (डोंगर, रथ, विमाने यांच्या प्रतिकृती), अलंकार (यात वस्त्रेही आली), अंगरचना (अंगाला रंग लावणे) आणि संजीव, म्हणजे रंगमंचावर येणारे प्राणी. पडद्यामागच्या जागेलाही तोच शब्द. मराठी रंगभूमीने कपडे 'वेशभूषे'कडे आणि रंग 'रंगभूषे'कडे दिले, 'नेपथ्य' रचनेपुरते ठेवले. हा अर्थसंकोच आता पक्का आहे.

चित्रपटासाठी मात्र 'कलादिग्दर्शन' अधिक रुळलेले. बोलताना सगळे 'सेट'च म्हणतात, पण 'सेटवर' म्हटले की चित्रीकरणाची जागा डोळ्यांसमोर येते. लेखात तेवढे सांभाळावे. 'सजावट' तर टाळाच. फ्रेंच विनोदी नट-दिग्दर्शक झाक ताती यांच्या 'मों ओंक्ल' या चित्रपटातले (1958) आर्पेल दांपत्याचे घर घ्या. दारावर कोणी मानाचा पाहुणा आला की बाई अंगणातले माशाचे कारंजे सुरू करतात; साधाच कोणी निघाला की बंद. या एका कळीत बाईंचा सगळा स्वभाव आला. हे कारंजे सजावट नाही, जवळजवळ पात्रच आहे.

खरी चूक विशेषणांत होते. चॅप्लिनच्या भटक्याचा (1914 पासूनचा) 'गबाळा वेश' असे सर्रास लिहितात. त्याने अर्धेच चित्र उभे राहते. विजार ढगळ, बूट मोठे. पण कोट अंगाला आवळलेला, टोपी लहानशी. शिवाय छडी. खिसा रिकामा असला तरी ऐट सभ्य गृहस्थाची, आणि हसू येते ते या विसंगतीला. 'गबाळा' म्हटले की ऐट गळून जाते. म्हणून माप सांगणारे शब्द वापरा: रुंदीला ढगळ किंवा तंग, लांबीला आखूड किंवा पायघोळ. तातींनी स्वतः रंगवलेल्या ह्युलो या पात्राची विजार 'आखूड' आहे, घोट्यावरचे पट्टेरी मोजे दिसावेत इतकी. तिला 'तंग' म्हटले तर वेगळाच माणूस उभा राहील.

छडी वेशभूषेत धरायची की 'प्रॉपर्टी'त? नाटकवाल्यांच्या बोलीत हातात खेळवायची वस्तू प्रॉपर्टीच. भटक्याच्या बाबतीत मी ती वेशभूषेत धरेन. तिच्याशिवाय तो वेश पुरा होत नाही.