कोका-कोलाची जाहिरातीतली प्रतिमा आणि तिची प्रत्यक्ष वागणूक यांत खरोखर एवढी तफावत आहे का?

आपला प्रश्न असा आहे की, जी कंपनी वर्षानुवर्षे आनंद आणि एकोपा यांच्या नावाने पेय विकते तिच्यावर पाणी, प्लास्टिक आणि आरोग्य यांवरून इतकी टीका का होते, आणि टीकाकार अतिशयोक्ती करतात का. माझ्या मते तफावत आहे आणि ती मोठी आहे. पण ती बहुतेक वेळा सरळ खोटे बोलण्यातून आलेली नाही. काय मोजायचे, कुठवर मोजायचे आणि हिशेब कोणत्या वर्षी मिटवायचा हे कंपनी स्वतः ठरवते, आणि प्रतिमेला शोभणारा आकडा त्यातूनच निघतो.

१९७१ साली कंपनीने इटलीतल्या एका टेकडीवर देशोदेशीच्या तरुणांना हातात बाटली देऊन एका सुरात गायला लावले आणि ती जाहिरात जगभर गाजली. त्या टेकडीशेजारी केरळमधले प्लाचीमडा ठेवून पाहावे. पालक्काड जिल्ह्यातल्या पेरुमाट्टी पंचायतीत, आदिवासी वस्त्यांच्या आणि शेतांच्या मधोमध, २००० साली कोका-कोलाच्या भारतीय उपकंपनीचा कारखाना सुरू झाला. भूजलाचा उपसा वाढला, आणि दोन वर्षांच्या आत आसपासच्या बायका सांगू लागल्या की विहिरी आटत आहेत, उरलेल्या पाण्यात भात नीट शिजत नाही आणि त्याने अंघोळ केली तर अंगाला खाज सुटते. एप्रिल २००२ मध्ये कारखान्यासमोर धरणे सुरू झाले. मयिलम्मा ही आदिवासी महिला त्याचा चेहरा बनली.

या प्रकरणातली मला सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट म्हणजे तिथला गाळ. कारखान्यातून निघणारा हा टाकाऊ गाळ भोवतालच्या शेतकऱ्यांना खत म्हणून दिला जात होता. २००३ साली बीबीसीच्या एका रेडिओ कार्यक्रमाने त्याचे नमुने ब्रिटनमध्ये तपासून घेतले, तेव्हा त्यात शिसे आणि कॅडमियम आढळले. कंपनीने तो निरुपद्रवी असल्याचे सांगितले. ज्या कचऱ्याची विल्हेवाट लावायला एरवी खर्च आला असता तो 'खत' या एका शब्दाने शेतकऱ्यावरचा उपकार होऊन बसला होता, आणि प्रतिमा व वागणूक यांच्यातले अंतर याहून नेमके दाखवणारे उदाहरण मला दुसरे सापडलेले नाही.

न्यायालयात मात्र चित्र एकरंगी राहिले नाही, हेही सांगितले पाहिजे. डिसेंबर २००३ मध्ये केरळ उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी भूजल ही जनतेची ठेव आहे अशी भूमिका घेऊन उपशाला आवर घातला, तर एप्रिल २००५ मध्ये खंडपीठाने तज्ज्ञांच्या अहवालाचा आधार घेत दिवसाला पाच लाख लिटर उपशाला मुभा दिली. त्या वर्षांत पाऊसही कमी झाला होता. पंचायतीने परवाना अडवल्यामुळे कारखाना मार्च २००४ मध्येच थांबला होता आणि तो पुन्हा सुरू झाला नाही.

आता पाण्याचा हिशेब पाहा. २००७ मध्ये कंपनीने, पेयांत आणि ती तयार करण्यात वापरले जाते तेवढे पाणी निसर्गाला परत करण्याचा संकल्प जाहीर केला, आणि २०१५ च्या सुमारास आपल्या पेयांत जाते तेवढे पाणी परत केल्याचा दावाही केला. मात्र ज्या पिकापासून साखर येते त्या पिकाने प्यायलेले पाणी या हिशेबात धरलेले नाही. साखरयुक्त पेयाच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीमागे एकूण १६९ ते ३०९ लिटर पाणी लागते, असा अंदाज जलपदचिन्हाच्या, म्हणजे एखादी वस्तू तयार होईपर्यंत खर्च होणाऱ्या एकूण पाण्याच्या, अभ्यासकांनी २०११ मध्ये मांडला होता आणि त्यातला फार मोठा वाटा शेतातला आहे. शिवाय एका खोऱ्यात बांधलेल्या बंधाऱ्याचे पाणी दुसऱ्या खोऱ्यातल्या विहिरीत उतरत नाही. जगाची बेरीज जुळली तरी गावाची वजाबाकी तशीच राहते. राजस्थानातल्या काला डेरा इथे तर कंपनीच्याच खर्चाने अभ्यास करणाऱ्या 'टेरी' या संस्थेने २००८ मध्ये, भूजलाची अवस्था पाहता कारखाना हलवणे किंवा बंद करणे हाही पर्याय सुचवला होता. असा अहवाल करवून घेतला याचे श्रेय कंपनीला द्यायला हवे; पण तो कारखाना त्यानंतरही कित्येक वर्षे चालू होता.

आरोग्याबाबतीत मोजपट्टीच हलवण्याचा प्रयत्न झाला. २०१५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने उघड केले की, लठ्ठपणाच्या चर्चेत खाण्यापिण्यापेक्षा व्यायामावर भर देणाऱ्या शास्त्रज्ञांच्या एका संघटनेला कंपनीने पंधरा लाख डॉलर दिले होते. गवगवा झाल्यावर कोलोरॅडो विद्यापीठाने या संघटनेसाठी कंपनीकडून घेतलेले दहा लाख डॉलर परत केले आणि वर्ष संपण्याआधी ती संघटना गुंडाळली गेली. व्यायामाचे महत्त्व कोण नाकारील? पण मूळ गोड प्रकाराच्या ३३० मिलिलिटरच्या डब्यात साधारण ३५ ग्रॅम साखर असते, तर जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली अधिक कडक मर्यादा प्रौढांसाठी दिवसाला सुमारे २५ ग्रॅम आहे.

प्लास्टिकविषयी थोडक्यातच लिहितो, कारण त्याची तऱ्हा तीच आहे. २०१८ मध्ये कंपनीने २०३० पर्यंत विकलेल्या प्रत्येक बाटली-डब्यामागे एक गोळा करण्याचा शब्द दिला, २०२२ मध्ये एक चतुर्थांश पेये पुन्हा वापरता येणाऱ्या बाटल्यांतून विकण्याचे उद्दिष्ट जोडले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये हे दुसरे उद्दिष्ट वगळून गोळा करण्याचे प्रमाण ७० ते ७५ टक्क्यांवर आणि मुदत २०३५ वर नेली.

अतिशयोक्तीही होते. हे पेय रात्रभर ठेवले तर त्यात दात विरघळतो, अशा पुड्या लोक एकमेकांना पाठवतात आणि त्यामुळे कंपनीचेच फावते. खोटा आरोप हसून उडवता आला की खराही त्याच्यासोबत उडतो. याउलट २००३ मध्ये विज्ञान व पर्यावरण केंद्र या दिल्लीतल्या बिगरसरकारी संस्थेने शीतपेयांत कीटकनाशकांचे अंश असल्याचे दाखवले तेव्हा कंपन्यांनी तो निष्कर्ष धुडकावला, आणि शरद पवार यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त संसदीय समितीने पुढच्या वर्षी तो ग्राह्य ठरवला.

प्लाचीमडाचे नुकसान राज्य सरकारच्या उच्चाधिकार समितीने २०१० मध्ये सुमारे २१६ कोटी रुपये ठरवले. भरपाईसाठी न्यायाधिकरण नेमण्याचे विधेयक केरळ विधानसभेने २०११ मध्ये मंजूर केले, पण त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. २०२३ मध्ये उपकंपनीने तिथली सुमारे ३५ एकर जमीन राज्य सरकारला विनामूल्य देऊ केली. ज्यांच्या विहिरी बिघडल्या त्यांची भरपाई मात्र या देणगीत कुठेच नाही.