देप्युते म्हणजे उपखासदार नव्हे

एका वाचकाचा प्रश्न आहे: 'फ्रान्सच्या एका बातमीत "उपप्रतिनिधींनी सरकारविरुद्ध मतदान केले" असं वाचलं. मग मुख्य प्रतिनिधी कुठे होते? स्पेनच्या सभागृहाच्या नावातही डेप्युटी दिसतो. हे सगळे नेमके कोणाचे उप?'

कोणाचेच नाहीत. फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, 577 सदस्य आहेत, त्यांना फ्रेंचमध्ये देप्युते म्हणतात, आणि ते सगळे थेट मतदारांनी निवडून दिलेले आहेत. त्यांच्या वर कोणी 'मुख्य' प्रतिनिधी नसतो. इटलीत देपुतातो, स्पेनमध्ये दिपुतादो, पोर्तुगालमध्ये देपुतादु, रुमानियात आणि रशियात देपुतात, सगळीकडे हाच अर्थ. मराठीत हा शब्द इंग्रजीच्या दारातून आला, तोही डेप्युटी कलेक्टर आणि शाळा तपासायला येणारे दिपोटी यांच्या रूपात. त्यामुळे 'डेप्युटी' दिसला की आपला हात आपोआप 'उप' लिहितो.

मुळात लॅटिन 'पुतारे' हे क्रियापद बागेतलं आहे. वेलीची छाटणी करणे, फांद्या साफ करणे हा त्याचा अर्थ. स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये छाटणीला आजही 'पोदार' म्हणतात, ते यातूनच आलं. छाटून साफ करण्यावरून रोमन लोक हिशेब साफ करण्याकडे गेले, आणि तिथून मोजणे, मानणे, समजणे असे अर्थ आले. कॉम्प्युटर, अॅम्प्युटेशन आणि रेप्युटेशन ही एकाच घरातली भावंडं कशी, याचं उत्तर या छाटणीत आहे. मला हा प्रवास फार आवडतो. आपणही हिशेब 'साफ'च करतो ना!

'दे' हा उपसर्ग लागून 'देपुतारे' झालं. आधी त्याचा अर्थ छाटून वेगळं करणे असा होता, मग उत्तरकालीन लॅटिनमध्ये एखाद्या कामासाठी नेमून देणे असा झाला. ज्याला नेमून दिलं तो 'देपुतातुस'. जुन्या फ्रेंचमधून हा शब्द इंग्रजीत गेला तेव्हाही 'दुसऱ्याच्या वतीने काम करायला नेमलेला' हाच अर्थ होता. पुढे वरिष्ठाच्या वतीने काम पाहणारा त्याच्या हाताखालचा ठरला आणि 'उप' चिकटला. इंग्रजी बोलणाऱ्या प्रदेशांतही जुना अर्थ पुरता गेलेला नाही. आयर्लंडच्या कनिष्ठ सभागृहात सदस्याला आजही 'डेप्युटी अमुक' असंच संबोधतात.

म्हणून माझं सांगणं असं, की देप्युते समजून घ्यायचा तर डेप्युटी कलेक्टर विसरा आणि 'डेप्युटेशन' आठवा. एखादे गुरुजी डेप्युटेशनवर दुसऱ्या खात्यात जातात तेव्हा ते कोणाचे उप नसतात, त्यांना कामावर पाठवलेलं असतं. लोकांनी पाठवलेला तो देप्युते. चेक भाषेत खासदाराला 'पोस्लानेत्स' म्हणतात, त्याच्या मुळाशीही 'पाठवणे' हेच क्रियापद आहे.

फ्रान्समध्ये 1789 साली व्हर्सायला जमलेले देप्युते खरोखरच असे पाठवलेले होते. आपापल्या भागातल्या लोकांच्या गाऱ्हाण्यांच्या वह्या घेऊन ते आले होते. पण आज शब्द तोच असला तरी नातं बदललं आहे. 1958 च्या फ्रेंच राज्यघटनेचं 27 वं कलम सांगतं की सदस्याला मतदानाबाबत बांधून घालणारा कोणताही आदेश रद्दबातल आहे. म्हणजे पाठवायचं लोकांनी, मत मात्र त्याचं त्याने द्यायचं.

आपल्या शेजारी गोव्यातून तर असे देपुतादु थेट लिस्बनला जात. 1822 साली निवडून आलेल्यांत बेर्नार्दो पेरेस द सिल्वा होते. नावेलीत 1829 साली जन्मलेले डॉक्टर फ्रान्सिस्को लुइस गोमिश 1861 पासून तिथल्या संसदेत गोव्याच्या वतीने बोलत होते. त्यांना मराठीत 'उपप्रतिनिधी' लिहिणं म्हणजे सरळ चुकीची माहिती देणं आहे.

मग लिहायचं काय? 'खासदार' लिहावं. पण आपला खासदार राज्यसभेचाही असतो, आणि फ्रान्स, इटली, स्पेन या देशांत वरच्या सभागृहाचे सदस्य सिनेटर असतात, देप्युते नव्हेत. जिथे हा फरक महत्त्वाचा असेल तिथे 'कनिष्ठ सभागृहाचे खासदार' असं लिहावं. स्पेनच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी. तिथे प्रांतांचा स्थानिक कारभार पाहणाऱ्या संस्थेला 'दिपुतासियोन' म्हणतात आणि तिच्या सदस्यांनाही दिपुतादोच म्हणतात. बातमी त्यांची असेल तर खासदार चालणार नाही, 'प्रांतिक परिषदेचे सदस्य' असं लिहावं लागेल.