'निवडणूक अधिकारी' की 'निवडणूक आयुक्त'?

तासगाव तालुक्यातल्या एका शाळेच्या बाईंनी विचारलं आहे : "२५ जानेवारीला मतदार दिनाचा कार्यक्रम आहे. भाषणात मी 'देशाचे पहिले मुख्य निवडणूक अधिकारी सुकुमार सेन' असं लिहिलं. आमचे एक सर म्हणाले, 'आयुक्त' करा. मुख्याध्यापक म्हणाले, दोन्ही एकच, राहू द्या. खरं काय? आणि फलकावर निवडणुक लिहायचं की निवडणूक?"

बाई, सरांचं ऐका. ही दोन वेगळी पदं आहेत आणि आज दोन्ही पदांवर दोन वेगळी माणसं बसलेली आहेत.

मुख्य निवडणूक आयुक्त देशाला एकच, दिल्लीत. राज्यघटनेच्या ३२४व्या कलमात या पदाचं नाव आहे. संसद, विधिमंडळं, राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपती यांच्या निवडणुकांची सगळी सूत्रं त्या कलमाने निवडणूक आयोगाकडे दिली. मुख्य निवडणूक अधिकारी मात्र राज्याला एक, आपले मुंबईत. १९५०च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे आयोगच त्यांना राज्य सरकारशी सल्लामसलत करून नेमतो. इंग्रजी आद्याक्षरांनी यांना 'सीईओ' म्हणतात. आपल्याकडे सीईओ म्हटलं की झेडपीचे मुख्य कार्यकारी अधिकारी डोळ्यांपुढे येतात, त्यामुळे गोंधळात भरच पडते.

आता 'आयुक्त' या शब्दाकडे येऊ, कारण मौज तिथेच आहे. सांगलीत 'आयुक्त' म्हणजे महापालिकेचे. साताऱ्यात नगरपालिका, म्हणून तिथे त्याच खुर्चीवर 'मुख्याधिकारी' असतात, आणि आयुक्त म्हटलं की पुण्याचे विभागीय आयुक्त आठवतात. एवढ्या वापरामुळे आयुक्त म्हणजे नुसता मोठा अधिकारी, असा अर्थ मनात बसतो. पण शब्द उलगडून बघा. आ + युज् + क्त. युज् म्हणजे जोडणे, जुंपणे. सध्या हंगाम चालू आहे, तुमच्या रस्त्याने उसाच्या बैलगाड्या जात असतील. बैलांच्या मानेवरचं ते 'जू' बघा. संस्कृत 'युग'वरून आलेला तो शब्द याच युज् धातूचा. म्हणजे आयुक्त हा मुळात कामाला जुंपलेला माणूस. 'अधिकारी' शब्दात आधी अधिकार दिसतो, 'आयुक्त' शब्दात आधी सोपवलेलं काम दिसतं. कारभाऱ्यांसाठी हा धातू वापरायची रीतही जुनी. अशोकाच्या शिलालेखांत 'युत' नावाचे अधिकारी आहेत आणि कौटिल्य राजाच्या नोकरांना 'युक्त'च म्हणतो. 'आयोग'ही त्याच धातूचा. म्हणून आयोग आणि आयुक्त ही जोडी मराठीत कानाला इतकी सहज लागते.

बाईमाणूस त्या पदावर असली तर 'आयुक्ता' करू नये. १९९० साली व्ही. एस. रमादेवी काही दिवस मुख्य निवडणूक आयुक्त होत्या, नीला सत्यनारायण आपल्या राज्य निवडणूक आयुक्त होत्या. दोघीही आयुक्तच.

'मुख्य' शब्दाचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. सेन २१ मार्च १९५० रोजी या पदावर आले तेव्हा आयोगात ते एकटेच होते. मुख्य होते, पण ज्यांच्यात मुख्य असं दुसरं कोणीच नाही! १९८९च्या ऑक्टोबरात आणखी दोन आयुक्त आले आणि दोन-अडीच महिन्यांत ती पदं गेलीही. १९९३च्या ऑक्टोबरपासून मात्र तिघांचा आयोग कायम झाला. तेव्हा शेषन मुख्य होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९९५ साली न्यायालयाने तिघांचा आयोग योग्य ठरवला. आता मतभेद झाला तर बहुमताने निर्णय होतो आणि त्यात मुख्यांचं मत एकच धरतात. म्हणजे हा 'मुख्य' मुखाशी बसणारा, अध्यक्षस्थानी असणारा. बाकीच्या दोघांचा साहेब असा त्याचा अर्थ काढू नये. एक फरक मात्र मोठा आहे. मुख्य आयुक्तांना काढायचं तर सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला काढण्याइतकी अवघड वाट आहे, आणि इतर आयुक्तांना मुख्यांच्या शिफारशीशिवाय काढता येत नाही. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याला घटनेचं असं कवच नाही. म्हणून मी या दोन शब्दांबाबत आग्रही आहे. 'अधिकारी' लिहिलं की ते कवचच वाक्यातून गळून पडतं.

तुमच्याकडे निवडणुकीच्या ड्यूटीचा आदेश आला असेल, तो पुन्हा काढून वाचा. 'आपली मतदान अधिकारी क्रमांक १ म्हणून नियुक्ती करण्यात येत आहे' अशा धर्तीचं वाक्य, आणि खाली सहीपाशी 'जिल्हा निवडणूक अधिकारी तथा जिल्हाधिकारी, सांगली'. या 'तथा'वर माझं फार प्रेम आहे. माणूस एक, टोप्या दोन, आणि दोन्ही टोप्या एका ओळीत. महसुलाच्या कामात जिल्हाधिकारी राज्य सरकारचे, निवडणुकीत तेच आयोगाचे. तुम्हीसुद्धा अधिसूचनेपासून निकालापर्यंत कायद्याने आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर असता. नियुक्ती, प्रतिनियुक्ती... बघा, इथेही युज् आला. दिल्लीचे आयुक्त आणि शाळेच्या वर्गात यंत्रापाशी बसलेल्या तुम्ही, दोघं एकाच धातूने जोडलेले.

आणखी एक नाव यातच घोळतं, राज्य निवडणूक आयुक्तांचं. ग्रामपंचायत, पंचायत समिती, झेडपी, नगरपालिका, महापालिका या निवडणुका त्यांच्याकडे. त्यांना राज्यपाल नेमतात. ७३व्या आणि ७४व्या घटनादुरुस्तीने आलेला हा वेगळा आयोग आहे, दिल्लीच्या आयोगाची शाखा नव्हे. तेव्हा सरपंचाच्या निवडणुकीची तक्रार दिल्लीच्या आयुक्तांकडे पाठवून उपयोग नाही.

राहिला फलक. 'निवडणूक', णू दीर्घ. वागणूक, नेमणूक, करमणूक, मिरवणूक, सगळ्या याच घरातल्या. प्रत्यय लागला किंवा अनेकवचन झालं की णू ऱ्हस्व होतो : निवडणुकीत, निवडणुकांचा. 'निवडणूक आयोग' लिहिताना मधे प्रत्यय नाही, म्हणून दीर्घच. तिथेच लोक हमखास चुकतात. हिंदीत सरकारी शब्द 'निर्वाचन' आहे. आपण मात्र घरातलं क्रियापद घेतलं. ताटात तांदूळ पसरून, बोटाने खडा बाजूला सारत आई जे करायची ते निवडणं. मुलांना हे सांगाच, त्यांच्या पटकन लक्षात येईल.

भाषणातलं वाक्य असं करा : 'देशाचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या देखरेखीखाली १९५१-५२ साली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली.' आणि मतदार दिन २५ जानेवारीलाच का, असं कोणी विचारलं तर सांगा, १९५० साली त्याच दिवशी निवडणूक आयोग स्थापन झाला.